शुद्धिपत्र आणि न्यायमित्र

पैठण हे निवाड्याचे गाव होते. दक्षिणकाशी म्हणून त्याचा गौरव आपण शाळेत पाठ केला. त्या गौरवाचा आशय काय, हे मात्र शाळेने सांगितले नाही. कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध, कोणाला पंक्तीत घ्यावे आणि कोणाला वाळीत टाकावे, कोणत्या दोषाला कोणते प्रायश्चित्त, हे ठरविणाऱ्या विद्वानांची सभा येथे बसत असे. तिच्या शब्दाला दूरवर मान होता. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली आळंदीची चार भावंडे शके १२०९ मध्ये, म्हणजे इ. स. १२८७ च्या सुमारास, येथे शुद्धिपत्र मागण्यासाठी आली, असे परंपरा सांगते. पुढे १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेकापूर्वी मुंज करून आपले क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले. तो विधी सांगणाऱ्या काशीच्या गागाभट्टांचे घराणेही मूळचे पैठणचेच. राज्य कमावलेल्या माणसालाही शुद्धिपत्र चुकले नाही.

नागघाटावर रेड्याने वेद म्हटल्याची कथा भाविक माणूस चमत्कार म्हणून ऐकतो. आपण ती एका खटल्याची हकीकत म्हणून वाचली पाहिजे. तशी वाचली की तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, बहिष्कृताचे स्वतःचे म्हणणे त्या सभेला पुरेसे वाटले नाही. साक्षीला अद्भुत घडावे लागले. दुसरी अशी की, वेद रेड्याच्या मुखातून आले, रेडा हाकणाऱ्याच्या मुखातून आले नाहीत. कथेने त्याला नाव दिले नाही आणि बोलतेही केले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही मुले शुद्ध आहेत काय, हा प्रश्न सभेपुढे होता. शुद्धिपत्र देण्याचा अधिकार या सभेला कोणी दिला, हा प्रश्न कोणी मांडला नाही. मुलांना पत्र मिळाले, असे परंपरा म्हणते. पत्र मिळाले तसा पत्र देणाऱ्यांचा अधिकारही अधिक पक्का झाला.

न्यायालयात प्रश्न कोण मांडतो, हा या लेखाचा विषय आहे. दलित समीक्षेने आत्मकथने वाचली, कविता वाचली, संतसाहित्याची उलटतपासणी केली. पण ज्या कागदांवर आपल्या माणसांचे आयुष्य प्रत्यक्ष ठरते ते कागद, म्हणजे फिर्यादी, निकालपत्रे आणि न्यायालयापुढची लेखी निवेदने, आपण वाङ्मय म्हणून वाचली नाहीत. त्या कागदांनाही निवेदक असतो, दृष्टिकोन असतो, वगळलेली पात्रे असतात. त्यांतल्या एका प्रकाराची येथे चिकित्सा करावयाची आहे. त्याला इंग्रजी कायद्यात ‘ॲमिकस क्युरी’ म्हणतात, मराठीत न्यायमित्र. तो वादीही नसतो आणि प्रतिवादीही नसतो. पक्षकारांकडून न्यायालयापुढे जे येत नाही ते पुढे ठेवून त्याने न्यायालयाला मदत करावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत संघटना आपण होऊन अशी निवेदने मोठ्या प्रमाणात दाखल करतात. आपल्याकडे न्यायमित्र बहुधा न्यायालय नेमते. संघटनेला किंवा व्यक्तीला काही म्हणावयाचे असेल तर हस्तक्षेप अर्ज करून परवानगी मागावी लागते. कोणत्या मित्राला आत घ्यावयाचे हे न्यायालयच ठरविते, आणि म्हणूनच हा मित्र कोणाचा, असे विचारणे भाग आहे.

पैठणने या मित्राचे एक जुने रूप पाहिले आहे. सोळाव्या शतकात येथेच एकनाथांनी महाराच्या तोंडून बोलणारी भारुडे लिहिली. जोहार घालणारा महार त्यांत बोलतो, उपदेश करतो, गावच्या मोठ्यांना शहाणपण शिकवितो. वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर घेणारे एकनाथ लोकस्मृतीत आहेत, आणि श्राद्धाचे अन्न अंत्यजांना घातले म्हणून ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेणारेही आहेत. ही माणुसकी खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि, त्या भारुडातला महार स्वतःच्या पोटाविषयी, वेठीविषयी, पाणवठ्याविषयी किती बोलतो? तो जोहार घालतो, म्हणजे पायरीवरचे आपले स्थान मान्य करूनच तोंड उघडतो. आणि मग बोलतो ते कवीचे अध्यात्म. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा मित्र कितीही सज्जन असला, तरी कोणता प्रश्न विचारावयाचा हे तोच ठरवितो.

आता आपल्या काळातल्या एका खटल्याकडे येऊ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. या वादाची मुळे कराडच्या एका शासकीय महाविद्यालयात होती. अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने २००६ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद दिली. खटला चालविण्यास वरून मंजुरी नाकारली गेली. मग मंजुरी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर २०१६ साली दुसरी फिर्याद झाली. ती रद्द करण्यास उच्च न्यायालयाने नकार दिला आणि प्रकरण दिल्लीला गेले. येथवर हा एका कर्मचाऱ्याचा आणि काही अधिकाऱ्यांचा वाद होता. २० नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा प्रश्न बदलला. शासकीय कामात निर्णय घेणाऱ्यावर एकतर्फी दुष्ट हेतूचा आरोप झाला तर खटला चालवावा काय, आणि आरोप खोटा असेल तर या दुरुपयोगापासून संरक्षण कोणते, असा तो नवा प्रश्न होता. महान्यायवादींना नोटीस निघाली आणि ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांची न्यायमित्र म्हणून नेमणूक झाली.

खटल्याचे भवितव्य मला या एका पानावर दिसते. प्रश्नातच ‘दुरुपयोग’ हा शब्द आला. मग उत्तरही दुरुपयोगाचेच येणार. न्यायमित्राची मांडणी निकालपत्रात नोंदलेली आहे. या कायद्याखालचे अनेक गुन्हे केवळ फिर्यादीच्या सांगण्यावर उभे राहू शकतात. खटल्याआधीच्या एकतर्फी सांगण्यामुळे निर्दोषत्वाचे गृहीतक ढळता कामा नये, असा तिचा आशय आहे. व्यक्तिशः त्यांच्यावर दोष ठेवण्याचे येथे कारण नाही. ज्या प्रश्नावर मदत मागितली त्यावर त्यांनी मदत केली. परंतु तक्रार लिहून घेण्यापूर्वीच गावात फिर्यादीचे काय होते, या बाजूचे अनुभवसिद्ध ज्ञान त्या प्रश्नाला नकोच होते.

२० मार्च २०१८ रोजी निकाल आला. फिर्याद नोंदविण्यापूर्वी आरोप खोडसाळ किंवा हेतुपुरस्सर तर नाही ना, हे पाहण्यासाठी पोलीस उपअधीक्षकांनी प्राथमिक चौकशी करावी. लोकसेवकाला अटक करावयाची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची आणि इतराला अटक करावयाची तर वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची मंजुरी घ्यावी. अटकपूर्व जामिनाला पूर्ण बंदी नाही. या निर्देशांचे मराठीत एका शब्दात भाषांतर करावयाचे तर तो शब्द आहे शुद्धिपत्र. दलिताच्या तक्रारीने आधी आपण शुद्ध असल्याचे पत्र आणावे, मग तिला पोलीस ठाण्याच्या पंक्तीत बसविण्यात येईल! खेड्यात तक्रार आणि नोंद यांच्यामधला काळ काय असतो, हे मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याच काळात मजुरी बंद होते, दुकान बंद होते, जुन्या कर्जाची आठवण करून दिली जाते आणि फिर्यादीच्या घरी समजूतदार माणसे येऊन बसतात.

त्या निकालपत्रात आकडेही आहेत. २०१५ साली या कायद्याखालच्या १५,६३८ प्रकरणांचा न्यायालयांत निकाल लागला. ११,०२४ प्रकरणांत सुटका झाली, ४९५ मागे घेतली गेली, ४,११९ प्रकरणांत शिक्षा झाली. २०१६ साली अनुसूचित जातींच्या तक्रारींपैकी ५,३४७ पोलिसांनी तपासात खोट्या ठरविल्या. हे आकडे दुरुपयोगाच्या चर्चेत ठेवले की ते दुरुपयोगाचा पुरावा होतात. पण आकडा स्वतः बोलत नाही, त्याला बोलविणारा लागतो. महाराष्ट्रात पोलिसांनी तपास बंद करताना द्यावयाच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा समऱ्या असतात. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी. ती मागणारा तोच तपास अधिकारी असतो, ज्याच्या हलगर्जीविरुद्ध अनेकदा पहिली तक्रार असते. न्यायालयातली सुटका हा तर वेगळाच प्रकार. साक्षीदार फितूर झाला, जातीचा दाखला वेळेत जोडला नाही, तपास योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही, या प्रत्येक कारणाने आरोपी सुटतो आणि प्रत्येक सुटका त्याच रकान्यात जाते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरविले. २०१० साली नागपूर खंडपीठानेही तेच कायम केले. चार प्रेते पडली, खून सिद्ध झाला, आणि या कायद्यापुरते आरोपी निर्दोष! मग खैरलांजीची फिर्याद खोटी होती काय? न्यायमित्राच्या निवेदनात हा एक परिच्छेद असता, तर सुटकेचा आकडा वेगळ्या आवाजात बोलला असता.

पुढचा घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहे. २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, काहींचे प्राण गेले. त्याच दिवशी केंद्राने पुनर्विलोकन अर्ज दाखल केला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून प्राथमिक चौकशी आणि अटकेची मंजुरी या दोन्ही अटी काढून टाकल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा, एम. आर. शहा आणि भूषण गवई यांच्या पीठाने आधीचे निर्देश मागे घेतले. अनुसूचित जाती-जमातींचे लोक वर्ग म्हणून कायद्याचा दुरुपयोग करतात असे गृहीत धरता येत नाही. सुटकेमागे सदोष तपास आणि साक्षीदारांचे न येणे ही कारणे असू शकतात. खोटेपणा हा माणसाचा दोष आहे, जातीचा नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरले. प्रश्न पुन्हा जागेवर आला.

या विजयाचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. रस्त्यावरचा संघर्ष निर्णायक ठरला, यात शंका नाही. पण नोटीस नोव्हेंबरात निघाली होती आणि निकाल मार्चमध्ये लागला. मधल्या चार महिन्यांत आपल्या चळवळीला त्या पानाची कितपत दखल होती? जी माणसे २ एप्रिलला गेली ती परत आली नाहीत. कागदावरची लढाई वेळेवर लढणे हे रस्त्यावर रक्त सांडण्यापेक्षा स्वस्त असते. कागदाला मवाळांचे हत्यार समजणे हा बाबासाहेबांच्या वारशाचा अपुरा अर्थ आहे.

बाबासाहेबांनी महाडला दोन्ही आघाड्या एकाच वेळी सांभाळल्या. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला. त्यांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला, मनुस्मृती जाळली आणि दावा लढविला. तो दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात संपला. तेथील युक्तिवादाची रीत अभ्यासण्यासारखी आहे. अस्पृश्यांना पाणी द्यावे की न द्यावे, हा वादींचा प्रश्न त्यांनी स्वीकारला नाही. तुमची वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे, हे तुम्ही सिद्ध करा; तळे नगरपालिकेचे नाही, हेही तुम्हीच सिद्ध करा. पुराव्याचे ओझे त्यांनी सवर्णांच्या खांद्यावर ठेवले. वादींना ते उचलले नाही आणि अपील फेटाळले गेले. तेथे पावित्र्याची चर्चा झाली नाही, करुणेची याचनाही झाली नाही.

दुसरे उदाहरण १९७९ चे. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखम नाही, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून संमती! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रूढ अर्थाने ते न्यायमित्राचे निवेदन नव्हते. निकाल लागून गेला होता. पण निवेदन कसे असावे याचा तो धडा आहे. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा एकच मुद्दा त्यांनी धरला आणि रात्रीच्या पोलीस ठाण्यात एका गरीब मुलीपुढे कोणता पर्याय होता, असे विचारले. निकाल बदलला नाही. १९८३ साली कायदा बदलला. तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. मथुरेचा स्वतःचा शब्द त्या पत्रातही नाही. एकनाथांच्या भारुडाची मर्यादा चारशे वर्षांनी पुन्हा भेटते. मित्र बोलला, जिच्यासाठी बोलला ती गप्पच राहिली.

ही मर्यादा ओलांडणारे उदाहरण अमेरिकेत आहे. आपण कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते सांगितले, पँथर हे नावही तेथून घेतले. त्यांच्या न्यायालयीन लढ्याकडे मात्र कमी लक्ष दिले. ओक्लाहोमा राज्याने मतदारासाठी साक्षरतेची परीक्षा ठेवली आणि १८६६ च्या आरंभी ज्यांचे पूर्वज मताधिकारी होते त्यांना तीतून सूट दिली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नाही आणि तरी काळा माणूस नेमका बाहेर! १९०९ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने या खटल्यात स्वतःच्या नावाने न्यायमित्राचे निवेदन दाखल केले आणि १९१५ साली ती तरतूद रद्द झाली. राज्याने लगेच दुसरी युक्ती काढली, ती मोडावयास १९३९ साल उजाडले. एका निवेदनाने व्यवस्था कोसळत नाही, हेही त्यावरून कळते. परंतु ज्यांचा प्रश्न त्यांनीच मित्र म्हणून उभे राहावे, ही प्रथा तेथे पडली.

आपल्याकडे ती पाडावयाची तर प्रथम आपल्या निवेदनांची भाषा तपासली पाहिजे. तहसीलवर मोर्चा जातो, निवेदन दिले जाते. त्यात निषेध असतो, मागण्या असतात आणि शेवटी तीव्र आंदोलन छेडण्याचा इशारा असतो. तहसीलदाराला ते पुरते. न्यायाधीशाला पुरत नाही. त्याला इशारा द्यावयाचा नसून त्याच्याजवळ नसलेली माहिती द्यावयाची असते. पक्षकाराच्या वकिलाने मांडलेलेच पुन्हा लिहिले तर निवेदन बाजूला पडते. एकच मुद्दा घ्यावा, आणि तो दुसरा कोणी मांडणार नाही असा असावा. आपण कोण, आपला या प्रकरणाशी संबंध काय, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. लपविलेला हितसंबंध उघड झाला की सगळे निवेदन संशयास्पद होते. आपल्या विरुद्ध जाणारा आकडा टाळू नये, तो स्वतः पुढे ठेवून त्याचा अर्थ सांगावा. आणि कोठे गप्प बसावे हेही समजावे. कच्च्या पुराव्याचे प्रकरण तत्त्वाच्या लढाईसाठी वर नेले की त्या एका प्रकरणाची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. कराडचे हेच झाले. गोपनीय शेऱ्यांच्या वादावर सबंध देशातल्या फिर्यादींचा निवाडा होऊ पाहत होता.

माहिती कोठून आणावयाची? ती आपल्याच तालुक्यात पडून आहे. पैठण तालुक्यात या कायद्याखाली दहा वर्षांत किती फिर्यादी झाल्या, घटनेनंतर किती दिवसांनी नोंदल्या गेल्या, नियमाप्रमाणे साठ दिवसांत तपास किती प्रकरणांत संपला, किती ‘ब’ समऱ्या झाल्या, किती साक्षीदार फिरले आणि फिरले तेव्हा ते कोणाच्या शेतावर कामाला होते, याची वही कोणत्याही महाविद्यालयातले दहा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक ठेवू शकतात. एखादा असा प्रश्न खंडपीठापुढे किंवा दिल्लीला उभा राहील त्या दिवशी ही वही शंभर भाषणांहून अधिक कामाची ठरेल.

शिवाय दार पूर्वीइतके बंद राहिलेले नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे जामीन, आरोपमुक्ती, शिक्षा अशा टप्प्यांवर पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना म्हणणे मांडण्याचा, तसेच दोषसिद्धी, सुटका आणि शिक्षा यांवर लेखी निवेदन देण्याचा हक्क आहे. त्यासाठी संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचाही हक्क आहे. पीडिताला सुनावणीची सूचना देणे आणि त्याचे ऐकून घेणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सांगितले. म्हणजे जामिनाच्या पहिल्याच तारखेला दोन पानांचे निवेदन पीडिताच्या नावाने, त्याच्या शब्दांत जाऊ शकते. त्याचे शब्द जपणे हे आपले काम. खालच्या न्यायालयाची भाषा मराठी, वरची इंग्रजी. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या सरकारी वाक्यात सगळा अपमान विरून जातो. कोण म्हणाला, कोणासमोर म्हणाला, कोणत्या शब्दात म्हणाला, त्यानंतर कोण हसले, हे दलित आत्मकथनाने मराठी वाचकाला शिकविले आहे. तेच आता फिर्यादीला आणि निवेदनाला शिकविले पाहिजे. ज्यांनी साहित्यात ‘मी’ उभा केला, त्यांना न्यायालयात तो उभा करणे अशक्य नाही.

पैठणच्या सभेपुढे आलेल्या भावंडांच्या हाती वेदांहून दुसरे साधन नव्हते, आणि रेडा हाकणाऱ्याच्या हाती तेही नव्हते. आज त्याच्या हाती संविधान आहे, कलम आहे, लेखणी आहे. त्याने कोणाकडे शुद्धिपत्र मागू नये. न्यायालयापुढे जावे, स्वतःचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि पुराव्याचे ओझे ज्याचे त्याच्या खांद्यावर ठेवावे.